गेममधला भोंगा

भुतांच्या त्या गेमचे सातही भाग ओळीनं संपवायचे, असं मी ठरवलं होतं. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत माझी फर्स्ट शिफ्ट असली की दुपार माझी. दुसऱ्या भागात ओसाड गावात भोंगा वाजतो आणि मग भुतं निघतात. एका दुपारी खेळताना भोंगा वाजला. मी आवाज वाढवून वाट बघत बसलो. भूत काही येईना.

बायको तोंडाला ओला टॉवेल धरून आत आली. "कंपनीचा भोंगा हाय. वारं आपल्याकडं हाय."

आमच्या गावात गॅसगळतीचा भोंगा झाला की आधी देवळावरचा झेंडा बघतात, वारं कुठून येतंय ते कळायला. कामावर नव्यांना हे मीच शिकवतो.

आम्ही वाऱ्याला आडवं पळालो. भोंगा थांबला, तेव्हा कळलं की चाचणी होती. गेमचा रिमोट माझ्या मुठीतच होता आणि मूठ उघडत नव्हती.

आता आवाज बंद करून, खिडकी उघडी ठेवून खेळतो. सारखी नजर झेंड्याकडं जाते आणि तेवढ्यात गेममधला मी मरतो. बायकोला 'मेलात' म्हणवत नाही. ती विचारते, "आउट झालात का?"

मी झेंड्याकडं बघत म्हणतो, "अजून न्हाई."