वरच्या वाडीचं पान

"सगळ्यांना शाळेत न्या," पाटणच्या कंट्रोल रूममधला ऑपरेटर फोनवर सांगत होता. "ओढ्यापलीकडच्या शाळेत."

"आवं साहेब, दरड त्याच ओढ्यात येती की!" स्पीकरवर वरच्या वाडीचे पोलीस पाटील ओरडले.

"पुस्तकात लिहिलंय तेच सांगतोय, पाटील."

"मग पुस्तकाला म्हनावं, ये हितं आन् बघ!"

पावसाळ्याआधीची रंगीत तालीम होती. पुस्तक म्हणजे दरडींचा धोका असलेल्या वाड्यांचा आपत्ती आराखडा. तो साताऱ्याच्या आमच्या कन्सल्टन्सीने केलेला. फाइल मी तयार केली होती, म्हणून मीही तिथे हजर होते.

मी पुस्तक ओढून घेतलं. अनुक्रमणिकेत वरच्या वाडीसाठी दिलेल्या पानावर खालच्या वाडीचा तक्ता होता. 'खालची वाडी' हा मथळा मागच्या पानाच्या तळाशी एकटाच लटकत होता. ऑपरेटरला दिसला तो बिननावाचा तक्ता. त्याने तो वाचला. पाटलांना मी खरी जागा सांगितली, डोंगराच्या सोंडेवरचं समाजमंदिर. तोवर पहिल्या निरोपावर निघालेली माणसं निम्मा उतार उतरली होती. गुडघे आखडलेली पाटलांची आईसुद्धा. ती तशीच परत चढली.

मी दिलेली फाइल अशी नव्हती. वर्डमध्ये मथळा दोन प्रकारे करता येतो. अक्षरं निवडायची, मोठी करायची, बोल्ड करायची. किंवा त्या ओळीला हेडिंगची स्टाइल द्यायची, म्हणजे 'हा मथळा आहे' असं कॉम्प्युटरला सांगायचं. डबा पिवळा रंगवणं वेगळं आणि डब्यावर 'तूरडाळ' लिहिणं वेगळं. स्टाइल दिली की मथळा आपल्या तक्त्याला सोडत नाही आणि अनुक्रमणिका एका अपडेटवर स्वतःची पानं शोधते. नुसत्या बोल्ड ओळीला यातलं काही येत नाही.

साताऱ्याला परतले ती थेट फर्मच्या मालकांच्या केबिनमध्ये.

"फाइलला हात कोणी लावला, साहेब?"

"ऐनवेळी पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश आले हो, फोटोंसकट. तुमच्या फाइलमध्ये फोटो बसेनात. मग सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये पेस्ट केला. नुसता टेक्स्ट. मथळे मी स्वतः बोल्ड केले."

"आणि अनुक्रमणिका?"

"तुमचीच ठेवली. आकडे बदलले नाहीत."

आकडे बदलले नाहीत, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं! सुरुवातीला फोटोंची पानं घुसली, त्यानंतरची सगळी पानं सरकली आणि आकडे जागच्या जागी.

"एवढं काय तापताय? दुरुस्तीचं स्टिकर चिकटवू. तालीमच तर होती."

"म्हातारीचे गुडघे खरे होते, साहेब. पावसात ती ओढ्यात सापडली असती. स्टिकर कुठे चिकटवणार होता?"

त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. "जुन्या प्रती परत आल्याशिवाय नव्या पुस्तकावर माझं नाव घालायचं नाही," असं सांगून मी बाहेर आले. माझी मूळ फाइल काढली, संदेश त्यात बसवले, अपडेट दाबलं. आकडे आपोआप बदलले. तरी प्रत्येक वाडीचं पान मी हाताने उघडून ताडून पाहिलं. जुन्या प्रती साहेबांनी माणूस पाठवून गोळा केल्या. तोंडं वाकडी करत, पण केल्या.

नवी प्रत पोचल्यावर मी पाटलांना फोन केला.

"अनुक्रमणिका बघून तुमची वाडी काढा बरं."

पानं उलटल्याचा आवाज आला. "घावली. समाजमंदिर. बराबर हाय."

"आईंचे गुडघे कसे आहेत?"

"शिव्या देत्यात अजून. पर मॅडम, एक इचारू? ही म्होरली फोटूतली मानसं दरड आल्यावर येनार हायत व्हय म्हातारीला उचलाय?"

त्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये संदेश शेवटी जातात. तिथे ते कितीही वाढोत, कोणाची वाडी हलत नाही.