एक जूनच्या साळूबाई

दीपमालाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची सासूच म्हणायची. त्यामुळे तिनं घरात बसून करायचं काम पत्करलं तेव्हा कडेगावात लोकांना हसायला निमित्तच मिळालं. अकरा वर्षं तिनं तहसीलजवळच्या टपरीवजा खोलीत लोकांचे फॉर्म भरले होते. कुठलं बटण दाबलं की वेबसाइट रुसते, कुठं तारीख उलटी लिहावी लागते, सगळं तिला तोंडपाठ. म्हणूनच पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं. काम मात्र मुलखावेगळं. माणसाऐवजी वेबसाइट चालवणारा एआय एजंट असतो. क्लिक करायचं, रकाना भरायचा, पान वाचायचं, अशी टूल्स त्याच्या हाताशी असतात. कुठलं टूल कधी आणि कसं वापरायचं याची माहितीपानं दीपमाला लिहायची, आणि ती वाचायची एजंटानं. असला वाचक कंटाळत नाही, पण न लिहिलेलं मनानं ओळखून घेईल याचाही भरवसा नाही.

तिच्या सासूला, साळूबाईला, एजंट म्हणजे फाइल काखेत मारून तहसीलच्या आवारात हिंडणारा माणूस एवढंच ठाऊक. "दिवसभर राबतोय बिचारा, त्याला चा तरी पाज," ती म्हणायची.

दीपमालाची पानं वापरात आली होतीच, पण सोमवारी कंपनी त्यांची चाचणी घेणार होती. पास झाली तर ती कायम, नाहीतर पुन्हा टपरी. आठवडाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून ती लॅपटॉपकडं पळायची, एखादं वाक्य बदलायची आणि करपल्याचा वास आला की परत चुलीकडं यायची.

शनिवारी सकाळी साळूबाईचा खोकला वाढला. सोमवारी सांगलीच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिच्या डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. असल्या खोकल्यात डॉक्टर डोळ्याला हात लावणार नाहीत, म्हणजे नंबर रद्द करणं आलं. गावातल्या बावीस बायकांची नावं दीपमालानंच दवाखान्याच्या वेबसाइटवर आपल्या लॉगिनवरून नोंदवली होती. तिला वाटलं, कंपनीच्या आधी आपणच चाचणी घेऊन बघावी. तिनं एजंटाला सासूचं नाव आणि जन्मतारीख दिली आणि नंबर रद्द करायला सांगितलं. एजंटानं तिचं पान वाचलं, यादीतली ओळ शोधली, बटण दाबलं आणि काम झाल्याचं कळवलं. दीपमालाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अकरा वाजता दवाखान्याचा मेसेज आला. साळूबाई मोहिते, उजवा डोळा, नंबर रद्द.

उजवा?

गावात साळूबाई मोहिते दोन होत्या. एक तिची सासू. दुसरी वरच्या आळीची, एकटी राहणारी. तिचा डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्यासाठी ती आठ महिने थांबली होती. यादीत नाव, आडनाव आणि जन्मतारीख तेवढीच दिसायची, आणि तारीख दोघींची तीच, एक जून एकोणीसशे पंचावन्न. जन्मतारीख ठाऊक नसली की एक जून टाकायची, ही या भागातली जुनी रीत. मास्तरांनी पाडलेली, आणि दीपमालानं काउंटरवर बिनदिक्कत चालवलेली. वर्षसुद्धा तिनंच दोघींना अंदाजानं ठोकून दिलं होतं.

तिनं वाजिदला फोन लावला. वाजिद विट्याचा, कंपनीत तिचा वरिष्ठ.

"ताई, एजंटाची चूक न्हाई," सगळी नोंद बघून तो म्हणाला. "यादीत नाव-तारीख जुळणाऱ्या वळी दोन हायत. आपलं क्लिकचं टूल सापडंल ती पयली वळ धरतं. तुमच्या पानात कुठं लिवलंय त्ये?"

"न्हाई लिवलं."

"आन दोन घावल्या तर काय करायचं, त्ये?"

"त्ये बी न्हाई."

वाजिदनं आवाज बारीक केला. "पानात एक वळ गुपचूप घालून टाका. सोमवारपतूर कुणाला कळायचं न्हाई."

"आरं, आज बी ह्येच पान वाचून तिकडं कामं चालली असत्याल की! आत्ताच्या आत्ता पान मागं घे. आन माजी चूक हाय म्हणून लिव."

"मग सोमवारी तुमचं पान चाचणीत न्हाई बगा."

"नसू दे," ती म्हणाली.

दवाखान्यात फोन केला तर मोकळा झालेला नंबर औंधकडच्या एका बाईला देऊनही झाला होता. पण सासूचा नंबर अजून तसाच होता. तो वरच्या आळीच्या साळूबाईंना द्या, म्हणून दीपमालानं नर्सच्या विनवण्या केल्या. त्यांचे कागद आणि संमतीचा अंगठा पाचच्या आत पाठवा, मग बघते, असं नर्स म्हणाली.

"कागद कशाला?" सासू आतून म्हणाली. "जाऊ दे की तिला माज्याच नावावर. नाव त्येच, तारीख बी तीच."

"आवं आत्या, डोळा त्योच न्हाई!" दीपमाला ओरडली. ओरडल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

वरच्या आळीची चढण ती जवळजवळ पळतच चढली. दार उघडंच होतं. आत म्हातारी चाचपडत तांदूळ निवडत होती.

"साळूबाई हायत का?" दीपमालानं दारातून विचारलं.

म्हातारीनं मान वर केली. दारात कोण उभं आहे ते तिला दिसत नव्हतं.

"कंची साळूबाई, बाई?" ती म्हणाली. "गावात दोन हायत."

दीपमालाला रडूच फुटलं. अकरा वर्षं काउंटरवर हाच प्रश्न तिनं दिवसातून दहादा विचारला होता. तो लिहावाही लागेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"तुमीच," ती म्हणाली, आणि म्हातारीसमोर मांडी घालून बसत तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.