बहरीनमधून धरलेला नेम

बहरीनच्या सीफ भागातल्या एका टॉवरच्या गच्चीवर, एसीच्या यंत्रांच्या घरघरीत उभा राहून मी फोनवर ओरडत होतो, "बाबा, नळी आणि लाकडाच्या मधे कागद जाता काय?"

"जाता रे! सरळ जाता."

"मग दुर्बिणीचे स्क्रू?"

"घट्ट आसत."

माझं डोकं फिरलं. कागद सरळ जातो, स्क्रू घट्ट आहेत, मग गोळी जाते कुठे?

ही रायफल पैशाने माझी आणि परवान्याने वडिलांची. आमच्या गावी शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांपासून घरात आहे. त्यावर एक ठासणीची बंदूक होती, लोखंडी पहारेसारखी जड. वडिलांची सत्तरी उलटली, ती खांद्यावर टाकून चढण चढताना त्यांना धाप लागायची. म्हणून मीच हट्ट धरला की हलकी रायफल घ्यायची. परवान्यावर हत्यार बदलून घेताना वडिलांच्या चपला झिजल्या, रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी काढताना उरलेल्या झिजल्या. पण रायफल आली तेव्हा त्यांनी ती एका हातात उचलली आणि हसले. ते हसू बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

हौस तिथेच संपली. हलक्या रायफलीची नळी बारीक. तीन गोळ्यांत ती तापते आणि पुढची गोळी मनाला येईल तिकडे जाते. त्यात लाकडी दस्ता नळीला एका बाजूने टेकत होता, त्यानेही नेम सरकतो. मला लीव्ह मिळते फक्त हिवाळ्यात. बहरीनच्या उन्हाळ्यात एसीवाल्याने लीव्ह मागणं म्हणजे भटजीने गणपतीत सुट्टी मागण्यासारखं आहे. तर त्या लीव्हमध्ये मी दिवसचे दिवस अंगणात पॉलिश पेपर घेऊन दस्ता घासत बसलो. वडील शेजारी बसून बघायचे. मग मातीच्या बांधाला पुठ्ठा लावून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, दर तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ देत नेम जुळवला. आधी गोळ्या सुपाएवढ्या जागेत पसरत होत्या, शेवटी वाटीएवढ्या जागेत बसायला लागल्या. त्या रात्री मी जेवलोही जास्त.

आणि भात पिकायला लागल्यावर वडिलांचा एकही नेम लागेना.

रानाला लागून आमचं कोपऱ्याचं शेत आहे. डुकरं पहिली तिथेच उतरतात. दोन वर्षं त्यांनी तिथलं भात तुडवून टाकलं होतं. पाऊस सुरू झाला तेव्हाच वडील म्हणाले होते, "यंदा पण नासधूस झाली तर फुडल्या वर्सा ता शेत पडीक." मी इथे अराद भागातल्या एका खोलीत चार जणांत राहून दिवस काढतो ते याच जोरावर की एक दिवस परत जाऊन ती जमीन करीन. ती पडीक पडली की तिथे आधी करवंदी चढते, मग रान चढतं, मग ती परत शेत होत नाही. म्हणून मला तो नेम लागायलाच हवा होता.

तिकडे तिन्हीसांजेला वडील शेतातल्या माळ्यावर जाऊन बसायचे, तेव्हा इकडे माझी शिफ्ट रंगात आलेली असायची. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून गच्चीवर धावायचो. दरवेळी तेच. "चुकली." पावसाने दस्ता फुगला असेल म्हणून मी कागद घालायला लावला. दुर्बीण हलली असेल म्हणून स्क्रू तपासायला लावले. नळी साफ करून घेतली, काडतुसं बदलायला लावली. खोलीवर मोबाइलवर रायफलींचे व्हिडिओ बघून डोळे लाल झाले. सुपरवायझर म्हणाला, "भाई, ऊपर क्या प्रॉब्लेम है?" मी म्हटलं, "कंप्रेसर." रायफलीवर, पावसावर, डुकरांवर मी सारखा चिडलेला असायचो, आणि खरं सांगायचं तर वडिलांवरही. एवढं जुळवून दिलंय, नुसता घोडा तर दाबायचा!

त्या दिवशी स्क्रू घट्ट असल्याचं ऐकून मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा आईने त्यांच्या हातातून फोन घेतला. कॅमेरा चालू केला आणि वडिलांचा सदरा खांद्यावरून खाली ओढला.

"बघ खांदो! निळोकाळो झालो हा. रोज शेक देतंय मी. आणि तू बस स्क्रू सांगत."

मला क्षणभर काही कळेना, मग सगळंच कळलं. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त. जुनी बंदूक स्वतःच्या वजनात धक्का जिरवायची, ही सगळा वडिलांच्या हाडांवर टाकत होती. माझा खांदा चाळिशीतला, मला तो नुसता जाणवला होता. त्यांचं अंग गोळी सुटायच्या आधीच आक्रसत होतं. रायफल वाटीएवढ्या जागेत मारत होती आणि माझा बाप धसक्याने हलत होता. मला रडू आलं आणि रागही आला. बोलले का नाहीत?

"बाबा, आदी सांगूचा नाय? आपण परत जड बंदूक घेऊया."

वडिलांनी सदरा नीट केला. आवाजात राग नव्हता.

"जड होती ती मीच उचललंय, हलकी आसा ती मीच सोसतंय. तू खंय आसस?"

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

सुपरवायझरकडे जाऊन लीव्ह मागितली. तो म्हणाला, उन्हाळा संपू दे. उन्हाळा संपेपर्यंत तिकडे कोपऱ्याचं भात डुकरांनी संपवलं होतं.

यंदा पाऊस वेळेवर आला. वडिलांनी बाकीची शेतं लावली आणि कोपऱ्याचं सोडून दिलं. मला विचारलं नाही.