नवस आणि रोहू

तूर घरात आली की आमचे फोन सुरू होतात. "काय बे, यंदा जाचं का नाई?" हे आपलं विचारायचं म्हणून विचारायचं. न जाण्याची बिशाद कोणाची? माघातली थंडी उतरणीला लागली की आम्ही तिघं सातपुड्याच्या पायथ्याशी एका तळ्यावर दोन दिवस मासे धरायला जातो. कॉलेजात होतो तेव्हापासून हे चाललंय. मधल्या काळात लग्नं झाली, पोरं झाली, पोटं सुटली, माझी अकोल्यातली मास्तरकी संपून पेन्शन सुरू झाली. तळं मात्र सुटलं नाही.

तिघं म्हणजे मी, अमरावतीचा एक वकील आणि दर्यापूरकडचा एक शेतकरी. वकिलाचं तोंड बंद राहत नाही, त्यामुळे मासे त्याच्या बाजूला फिरकत नाहीत, असं आमचं ठाम मत आहे. मी बरा. शेतकरी मात्र असा, की पाण्याकाठी बसला की त्याला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. या सहलीचं वेड मुळात त्याचं. त्यानंच ते आम्हाला लावलं.

परतवाड्याच्या पुढे कुठंतरी डांबर संपतं, मग मुरूम लागतो, मग रस्ता आहे असं समजून गाडी चालवायची. तळं वाघांच्या जंगलाच्या हद्दीबाहेर आहे, जवळच्या गावाच्या ताब्यातलं. गावकऱ्यांना विचारून आम्ही बसतो. मोबाइलला तिथं रेंज नाही. माणसाला किती दिवस न बोलता राहता येतं याची परीक्षा घ्यायची असेल तर जागा उत्तम. आमचा वकील तिथं नापास होतो ते सोडा.

तीन सालांमागं शेतकऱ्याची बायको आजारी पडली. आजार वाईट, नाव घ्यायलाही नको वाटतं असा. नागपूरला दवाखाना, ऑपरेशन, सलाइनी, केस गेले, सगळं झालं. तेव्हा हा गडी अमरावतीच्या देवीपुढं जाऊन उभा राहिला आणि बोलून बसला, की ही बरी होऊन घरी आली तर आयुष्यात मासा खाणार नाही आणि गळाला हात लावणार नाही. ती घरी आली. यानं बोलल्याप्रमाणं गळावरून हात काढून घेतला.

आम्हाला वाटलं, संपलं. आता कसली सहल! तर ठरल्या दिवशी हा पठ्ठ्या पिशवी घेऊन फाट्यावर उभा. "गळाले हात लावणार नाई म्हनलं होतं," म्हणाला, "तुमच्यासंगं येनार नाई असं थोडीच म्हनलं?"

तेव्हापासून तो येतो आणि नुसता बसतो. आमच्यासाठी गोवऱ्यांवर रोडगे भाजतो, वांग्याची भाजी करतो. गळाला लावायचे कणकेचे गोळेसुद्धा मळत नाही, कारण तेही त्याच कामात धरलं जाईल असं त्याला वाटतं. बाकी वेळ पाण्याकडं पाहत बसतो. माझ्या गळाची दोरी जरा थरथरली की त्याची बोटं मांडीवर हलतात.

खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा. आवडीचं ताट समोर मांडून उपाशी बसायचं, हे कसलं वागणं? एकदा वकिलानं त्याला सरळ विचारलं, "देवीनं मासे मांगितले होते काय बे तुले?"

"तिनं नाई मांगितले, म्याच देल्ले," तो म्हणाला. "मले आवडते तेच द्या लागन ना? दोडक्याची भाजी सोडून चालते काय?"

दोडका त्याला लहानपणापासून आवडत नाही. आम्ही हसलो, विषय तिथंच राहिला.

यंदा मात्र गाडीत बसल्यापासून तो गप्प होता. अंजनगाव गेलं तरी तोंडातून अक्षर नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बायकोची नागपूरला तपासणी झाली आहे आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा आहे. मी म्हणालो, मग आलास कशाला? तर म्हणाला, तिनंच घराबाहेर काढलं. "म्हने, तुमी घरी बसल्यानं रिपोर्ट बदलते काय? जा तिकडं." बाई अशीच आहे. बोलली की तुकडा पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील जेवून, तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. मी माझ्या गळाची काठी जमिनीत रोवलेल्या बेचक्यावर टेकवली आणि चुलीसाठी काटक्या आणायला वरच्या बाजूला गेलो. आमचा एक जुना नियम आहे, दुसऱ्याच्या गळाला हात लावायचा नाही. मासा काठीसकट घेऊन गेला तरी ओरडायचं, पण काठी ज्याची त्यानंच उचलायची. तरुणपणी यावरून आमची मारामारी होता होता राहिली होती, म्हणून हा नियम. नवस केलेल्या माणसाला तर तो सोयीचाच.

वरून मी पाहिलं, तर माझ्या काठीचा शेंडा एकदम खाली गेला. बेचकं उपटलं, काठी घसरत पाण्याकडं निघाली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तोवर शेतकरी गुडघाभर पाण्यात होता आणि काठी त्याच्या दोन्ही हातांत होती.

त्यानं विचार केलाच नाही. हातांनीच सगळं केलं. दोरी सोडायची, ओढायची, पुन्हा सोडायची. मी काटक्या टाकून धावत खाली आलो आणि काठावरच थबकलो, कारण तो हसत होता. तीन सालांत त्याला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. आजारपणानं, दवाखान्यानं त्या चेहऱ्याचं काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

मासा काठाला आला. रोहू, आणि असा की आमच्यापैकी कोणाला कधी लागला नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, माझ्याकडं वळला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

"हे काय केलं गा म्या?"

त्यानं गळ अलगद काढला, मासा पाण्यात धरून ठेवला, त्याचे कल्ले नीट चालू लागल्यावर सोडला. मग हात धुतले. पुन्हा धुतले. वाळू घेऊन घासले. "आज तिचा रिपोर्ट येऊन राह्यला," एवढंच म्हणत होता. "आजच्याच दिवशी. आजच्याच दिवशी बापा."

आवाजानं वकील उठला. काय झालं ते कळल्यावर त्यानं लगेच केस चालवायला घेतली. "आयक. काठी मास्तरची. गोळा मास्तरचा. मासा तळ्याचा. तू फक्त वाहून जानारा माल अडवला. यात नवस मोडतच नाई."

"देवी कोर्टात बसते काय बे?"

"हेतू पाह्यला जाते, लेका, हेतू!"

"चूप बस ना बे जरा!" मी वकिलावर खेकसलो. नवससायास मी मानत नाही, वर्गात पोरांना तसंच सांगत आलो. पण त्या घटकेला मीही घाबरलो होतो. तो काठावर उकिडवा बसला होता, ओले हात पुढं धरून. मी म्हणालो, "चाल, ऊठ. फोन करू."

अर्धवट भाजलेले रोडगे तसेच सोडून आम्ही निघालो. घाटातल्या खिंडीत रेंज येते. तिथं पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. गाडी थांबली आणि त्याचा फोन टुंगटुंग वाजू लागला. घरून येऊन गेलेले कॉल, एकामागं एक. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला. "तूच लाव. माह्यानं नाई होत."

मी लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा बोनेटवर ठेवला.

"अवो, होते कुठी? कवाची फोन लावून राहिली!" तिचा आवाज. "रिपोर्ट आला. चांगला हाय. काईच नाई निंगालं. डाक्टर म्हने, आता सहा महिन्यानं या."

वकिलानं बोनेटवर थाप मारली. पण शेतकरी तसाच उभा.

"आयक," तो म्हणाला. "म्या आज गळाले हात लावला. मासा धरला."

"मंग?"

"मंग काय? नवस मोडला ना!"

"आज मोडला म्हंजे? दर सालीच त धरता ना?"

"नाई वं. तीन सालापासून हात नाई लावला."

वकिलानं वाकून फोनवरची रेंज पाहिली.

"मंग जाता कायले तिथं?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता.

"बसतो. या दोघायचा सैपाक करतो."

"अगं माय! मले वाटे तुमी धरता. घरी आनत नाई त म्हनलं मले लाजत असन. म्या कदी इचारलं नाई. मी त दवाखान्यातूनच देवीले सांगून ठेवलं होतं, का माह्या नवऱ्याच्यानं हे निभनार नाई, तू मनावर घेऊ नको."

"अवं, पन तुह्या जिवासाठी केला होता ना म्या नवस!" तो जवळजवळ ओरडलाच. "मी मोडतो असं तुले वाटत होतं, तरी तू मले दर साली धाडत होती?"

"धाडत होती. तुमी तोंड पाडून घरात बसले असते त तो जीव घेऊन मी काय केलं असतं?"

तो रस्त्याच्या कडेला मुरमावर बसला आणि रडायला लागला. लाज न बाळगता, मोठ्यानं. वकील त्याच्याशेजारी मुरमावर टेकला. मी फोन उचलून त्याच्याजवळ नेऊन धरला.

"आता रडता कायले?" ती म्हणाली. तीही रडत होती, ऐकू येत होतं. "सांगा ना. मोठा होता काय?"

त्यानं बाहीनं नाक पुसलं. "अवं, मोठा म्हंजे..." असं म्हणत त्यानं दोन्ही हात फाकवले आणि फोनपुढं धरून तिला दाखवू लागला.