वादातली विहीर आणि मुबारकची शेळी

मस्कतच्या नोकरीच्या गोष्टी आता पुरे, असं मी दर वेळी ठरवतो. पण वसईच्या लोपिसचा फोन आला की एकातून दुसरी निघते आणि हातातला चहा गार होतो.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिथल्या एका सरकारी भाषांतर कचेरीत टायपिस्ट होतो. शेजारच्या देशाशी लढाई थांबून बरीच वर्षं झाली होती, पण तह अजून कागदावर यायचा होता. सरहद्दीवरची एक विहीर कोणाची, यावर पत्रं चालली होती.

ऑफिसात कॉफी द्यायला म्हातारा मुबारक होता, त्याच भागातला. त्याची बहीण विहिरीच्या पलीकडे राहिलेली. लढाईपासून भेट नाही. रोज कप पुढे करताना तो विचारायचा, "विहीर उघडली का?" आम्ही म्हणायचो, "इन्शाल्ला."

●

भांडण कितीही असो, प्रत्येक पत्राची सुरुवात आदरपूर्वक अभिवादनाने आणि शेवट सर्वोच्च आदराच्या ग्वाहीने व्हायचा. एकदा घाईत माझ्याकडून शेवटची ओळ गळली. आमचे साहेब, सईद अर्बाब, कागद घेऊन धावत आले.

"ही ओळ नसली तर त्यांना वाटेल, आपण पुन्हा रणगाडे काढले!"

●

लोपिस हे बरोब्बर शिकला. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्याच्या फ्लॅटचा एसी बंद. घरमालकाला फोन करून करून तो दमला आणि शेवटी त्याने ऑफिसच्या थाटात पत्र टाइप केलं, "भाडेकरू घरमालकांना आदरपूर्वक अभिवादन करून कळवू इच्छितो, की..."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आणि खजुराचा डबा घेऊन घरमालक स्वतः हजर. जाताना त्याने हळूच विचारलं, "साहेब, आपली एम्बसी कुठली?"

●

मग सरहद्दीच्या नकाशाची पंचाईत झाली. घड्या घालून घालून तो मधोमध फाटला होता, आणि भोक नेमकं विहिरीच्या जागी! अर्बाब डोकं धरून बसले. मुबारकने कॉफीचा कप त्या भोकावर ठेवला आणि म्हणाला, "इथे. मी तिथलं पाणी प्यायलोय."

अर्बाबांनी कपाभोवती पेन्सिल फिरवली आणि तेवढं वर्तुळ पलीकडच्या देशाला कळवून टाकलं. आठवड्यात होकार आला. त्यांच्या नकाशालाही तिथेच भोक पडलं होतं म्हणे.

●

तह झाला. विहीर दोन्हीकडच्या लोकांना खुली, हे कलम मीच टाइप केलं. मुबारकला वाचून दाखवलं तेव्हा तो माझा हात धरून उभा राहिला. माझेही डोळे भरून आले.

मग त्याने रजा मागितली आणि बहिणीसाठी एक पत्र. लढाई लागली तेव्हा तिची एक शेळी याच्याकडे राहून गेली होती. मी टाइप केलं, "मुबारक आपल्या बहिणीला आदरपूर्वक अभिवादन करून तिची शेळी परत करत आहे." शेवटची ओळ अर्बाबांनी जातीने तपासली. ती शेळी तर केव्हाच मेली होती, म्हणून बाजारातली एक छान पांढरी शेळी घेऊन मुबारक गेला.

परत आल्यावर आम्ही त्याला घेरलंच. बहीण काय म्हणाली?

"पत्र ऐकून खूप रडली. मग शेळीकडे बघितलं." मुबारकने शांतपणे आमचे कप भरले. "म्हणाली, माझी काळी होती. आता मला पुढच्या महिन्यात परत जायला लागेल."