न बसलेली मुलं

माझी बायको नलिनी मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. १९८४ च्या पावसाळ्यात तिला एका सरकारी कचेरीतून तपासनीस म्हणून बोलावणं आलं. संपात गिरणीची नोकरी गेलेल्या घरांतली दहावी नापास मुलं होती, त्यांच्यासाठी उपनगरांत अनुदानावर मोफत शिकवणीवर्ग निघाले होते. वर्ग चालवायचे तिथल्या मंडळांनी, आणि त्यांचा मुलांना उपयोग होतो का, हे पाहायचं निवृत्त शिक्षकांनी. नलिनीच्या वाट्याला घाटकोपरचा वर्ग आला.

"तुम्हीही चला," ती म्हणाली. "टेकडीचा चढ आहे म्हणतात."

वर्गाचे चालक मार्तंड सुर्वे. गेल्या वर्षीचा शंभर टक्के निकाल त्यांनी दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. पहिल्या खेपेला वर्ग भरलेला दिसला, शिकवणंही वाईट नव्हतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, तर अर्धी बाकं रिकामी.

"सोडून गेली हो. ह्यांना शिकायचंच नसतं," सुर्वे म्हणाले.

नलिनीला सुलक्षणा परब नावाची मुलगी आठवत होती. मागच्या खेपेला तिने बीजगणिताचं एक उदाहरण तीनदा समजावून घेतलं होतं. अशी मुलगी वर्ग सोडेल हे नलिनीला पटेना. विचारत विचारत आम्ही तिचं घर गाठलं.

"चेडवान सोडल्यान नाय, बाई," तिचे वडील दत्ताराम मुलीकडे बोट दाखवत म्हणाले. "मास्तरांनीच सांगितल्यानी, ह्या खेपेक नको, मार्चात बस."

सुलक्षणा स्टोव्हपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "तुझं गणित कच्चं आहे म्हणाले. तू बसलीस तर वर्गाचा निकाल पडेल. आम्हा सगळ्यांनाच तसं सांगितलं."

नवं वर्ष लागलं की तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता. मार्चला बसली तर निकाल अर्जाची मुदत टळल्यावर लागणार, आणि ते वर्ष हातचं जाणार. त्यात गावी एक स्थळ आलं होतं.

"मगे माका नाय म्हणूक येवचा नाय," दत्ताराम म्हणाले.

चढ उतरताना मी नलिनीच्या डोक्यावर छत्री धरली, ती तिने बाजूला सारली. तशीच भिजत ती वर्गात शिरली.

"मुलं गेली नाहीत, सुर्वे. तुम्ही हाकललीत."

"बाई, लंगडा घोडा शर्यतीत कोण उतरवतं?"

"अनुदान लंगड्या घोड्यांसाठीच मिळतं तुम्हाला. धावणारे कशाला आले असते इथे?"

"मला काय हौस आहे? वर फक्त टक्के विचारतात. टक्के पडले की वर्ग बंद."

"माझ्या सहीशिवाय तुमचा पुढचा हप्ता सुटत नाही. सगळ्यांचे फॉर्म भरा, मग सही मागा."

सुर्वे चरफडले, पण विलंब शुल्क भरून त्यांनी सगळ्यांना परीक्षेला बसवलं. परीक्षेपर्यंत नलिनी स्वतः जाऊन त्या मुलांचं गणित घेत होती.

निकाल लागला. सुर्व्यांनी आधी घरी बसवलेल्या मुलांपैकी निम्मी पास झाली. सुलक्षणाही, गणितात अगदी काठावर. उरलेली नापास झाली, म्हणून वर्गाचे टक्के उतरले, आणि महिन्याभरात अनुदान बंद झालं. सुर्वे आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमचं ऐकलं आणि वाट लागली माझी."

"चपला काढू नका," नलिनी म्हणाली. "कचेरीत जायचंय."

कचेरीतले चंद्रप्रकाश वैद्य साहेब शांतपणे म्हणाले, "परीक्षेला बसले किती आणि पास किती, एवढंच आम्ही बघतो. अंधेरीचं मंडळ बघा, शंभर टक्के."

"तिथे वर्गात मुलं होती किती, आणि बसली किती?"

"ते विचारायची पद्धत नाही."

"का नाही?"

साहेबांनी चहा मागवला.

"चहा नको. ज्याने मुलं बसवली त्याचा वर्ग तुम्ही बंद केलात. उद्या हे सुर्वे पुन्हा मुलं हाकलायला लागले, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने अडवू? तपासायला मला पाठवता, आणि मी काय पाहिलं ते ऐकायची तुमची तयारी नाही."

"वर कळवतो," साहेब म्हणाले. घाटकोपरचा वर्ग पुन्हा निघाला नाही, नलिनीलाही पुन्हा बोलावणं आलं नाही. अंधेरीच्या मंडळाला मात्र आणखी एक वर्ग मिळाला.

पुढच्या जुलैत सुलक्षणा पेढे घेऊन आली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ती वाकून नमस्कार करत असतानाच नलिनीने तिला दंडाला धरून उभं केलं. एवढा चांगला दिवस, पण हिचा आवाज चढलेलाच.

"अंधेरीत तुझ्यासारख्या किती जणी घरी बसल्या असतील गं?"

सुलक्षणा माझ्याकडे बघू लागली. मी तिला बसायला खुर्ची दिली.