पुसलेली पातळी

मुकुंद जाऊन सहा आठवडे झाले. बातमी धरणावरच्या चौकीदारानेच फोनवर दिली. "साहेब, मुकुंदराव पाण्याच्या पट्टीपाशी गेले ते वर आलेच नाय..." मी तेव्हाही पडद्यावरचा आकडाच बघत होतो.

रत्नागिरीच्या आमच्या कचेरीत संगणक आला, तेव्हा त्यातलं कळणारे मुकुंद आणि मी, दोघेच. लांज्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका लहान धरणाची पातळी त्यात ठेवायची होती. चौकीदार फोनवर आकडा सांगायचा, कारकून तो यंत्रात घालायचा, की जुना आकडा जाऊन त्या जागी नवा बसायचा. चौकीवरच्या फळ्याची रीतही तीच, ओल्या फडक्याने पुसायचं आणि लिहायचं. मुकुंदला ते बघवत नसे. फंक्शनल प्रोग्रामिंगचं कुठलंसं पुस्तक मागवून तो माझ्या मागे लागला. "मेल्या, एका नावाला एकदा किंमत दिलीस की ती बदलायची नाही. नवा आकडा, नवं नाव. पुसायचं काहीच नाही." मी हसायचो. त्याच्या पद्धतीने आमच्या यंत्राची मेमरी दुपारपर्यंत भरली असती. मला फोरट्रान ही जुनी संगणकभाषा सोडून मोड्युला या नव्या भाषेकडे जायचं होतं. तिच्यात पातळी एका कप्प्यात बंद ठेवता येते, कोणीही उठून तिला हात लावू शकत नाही. "कुलूप लावलंस रे, पण आतला फळा पुसतोच आहेस ना? एक दिवस कोणीतरी आधीचा आकडा विचारील, तेव्हा काय सांगशील?" त्याचं हे बोलणं मला अभद्र वाटायचं. वाद मिटला नाही, फोरट्रानच चालू राहिलं. साहेब मी होतो.

तो मात्र दर शनिवारी एसटीने धरणावर जाऊन, पायऱ्या उतरून पाण्याची उंची दाखवणारी पट्टी स्वतः वाचायचा. खाली उतरण्यापूर्वी वहीत वेळ लिहून ती चौकीवर ठेवायचा, वर आल्यावर आकडा लिहायचा. त्या दुपारी धुक्यात खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, चौकीवरचा फळाही ओलीने पुसला गेला होता. चौकीदाराने फोन करून विचारलं, "साहेब, सोडू काय त्यांना खाली?" पडद्यावर पाणी शेवटच्या पायरीच्याही खाली होतं. मी म्हटलं, "जाऊ दे."

पाणी खरं तर पायऱ्यांवर चढलेलं होतं. तो चुकीचा आकडा कोणी घातला, कधी घातला, कळायला मार्ग नाही. चौकशीला आलेल्यांनी पहिलंच विचारलं, "आधीचा आकडा काय होता?" मी पडद्यावरचा एकुलता आकडा त्यांना दाखवला. मला अजून झोप लागत नाही.

मुकुंदची वही आता माझ्या टेबलावर असते. त्याच्या शेवटच्या ओळीत 'सव्वातीन' एवढंच आहे, पुढची जागा कोरी. तिच्याखाली मी रोज फोनवरचा आकडा लिहितो, पुसत नाही. काल ताडून पाहिलं... वहीत एक आकडा, पडद्यावर दुसरा. मी तसाच चौकीवर फोन लावला. म्हटलं, कोणालाही खाली सोडू नकोस.

"सोडणार नाय, साहेब," चौकीदार म्हणाला. "आता तुम्ही सांगितलंत तरी नाय."